पाण्याचा लहान पंप कसा निवडावा

घरगुती उपयोगाचा विजेचा पंप घ्यावयास निघालेला गृहस्थ दुकानांत पाऊल ठेवतांच बहुधा एकच प्रश्न विचारतो: “अर्ध्या अश्वशक्तीचा घ्यावा कीं एक अश्वशक्तीचा?” दुकानदारहि त्याच भाषेंत उत्तर देतो, आणि जास्त शक्तीचा पंप तो अधिक चांगला, अशा समजुतीनें व्यवहार पुरा होतो. पुढें पाणी गच्चीवर चढत नाहीं, किंवा चढलें तरी मोटार वरचेवर जळते, तेव्हां सारा दोष पंपाच्या माथीं मारला जातो. वास्तविक दोष त्या प्रश्नाचा असतो. अश्वशक्ति हें मोटारीचें बळ झालें. तें कोणत्या कामीं लागावयाचें हें त्यावरून कळत नाहीं. म्हणून पंप निवडण्यापूर्वीं तीन गोष्टी मोजून घेतल्या पाहिजेत: पाणी किती हवें, तें किती उंच न्यावयाचें, आणि तें किती खोलीवरून उचलावयाचें.

पहिल्या दोन गोष्टींसाठीं एक नेहमींचें उदाहरण घ्यावें. तीन मजली घराच्या अंगणांत जमिनीखालीं एक टाकी आहे व गच्चीवर हजार लिटरांची दुसरी. खालच्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंतचें उभें अंतर १५ मीटर भरतें, आणि वरची टाकी अर्ध्या तासांत भरावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे मिनिटाला सुमारें ३३ लिटर पाणी वर गेलें पाहिजे. या कामास निव्वळ ८२ वॅट शक्ति पुरते. लहान पंपांत घेतलेल्या विजेचा पाव ते एक तृतीयांश भागच सार्थकीं लागतो असें धरलें, तरी २५० ते ३३० वॅटांत काम भागतें. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. तेव्हां येथें अर्ध्या अश्वशक्तीचा योग्य पंप पुरेसा आहे, हें उघड होतें.

मात्र या हिशेबांत नळीला विसरून चालत नाहीं. नळींतून वाहतांना पाण्यास घर्षण सोसावें लागतें, आणि नळी अरुंद होत जाते तसतसें तें झपाट्यानें वाढतें. वरील उदाहरणांत नळीची लांबी २५ मीटर असून आंतील व्यास २५ मिलिमीटर असेल, तर घर्षणापायीं सुमारें दीड मीटर उंचीइतकें बळ खर्च होतें. तोच व्यास १५ मिलिमीटर असेल, तर हा खर्च १५ मीटरांच्याहि वर जातो. म्हणजे नळींत चार पैसे वांचविले कीं घराची उंची जणूं दुप्पट होते, आणि त्याचें मोल दर महिन्यास विजेच्या देयकांत मोजावें लागतें.

उभी उंची व घर्षण यांच्या बेरजेस बाजारांत ‘हेड’ असें म्हणतात. पंपाच्या पाटीवर जास्तींत जास्त हेड आणि जास्तींत जास्त पाणी असे दोन आंकडे असतात व ते पाहून ग्राहक संतुष्ट होतो. परंतु हे दोन आंकडे एकाच वेळीं कधींच साधत नाहींत. हेड कमाल असतें तेव्हां पाण्याचा एक थेंबहि बाहेर पडत नाहीं. म्हणून पंपासोबत येणाऱ्या कोष्टकांत आपल्या हेडसमोर, म्हणजे वरील उदाहरणांत १७ मीटरांसमोर, किती लिटर दिले आहेत तें पाहावें. याच्या उलट चूकहि टाळावी. फार मोठ्या हेडसाठीं बनविलेला केंद्रोत्सारी पंप थोड्याच उंचीवर चालविला, तर तो बेसुमार पाणी फेकूं लागतो, मोटारीवर भार पडतो आणि ती तापून जळते. जास्त बळ येथें तारक न ठरतां मारक ठरतें.

तिसरी गोष्ट खोलीची. पंप पाणी ओढून घेतो असें आपण म्हणतों. पण शास्त्रदृष्ट्या पंप केवळ नळींतील दाब कमी करतो, आणि बाहेरची हवा पाण्यास वर ढकलते. १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या गॅलिलिओच्या ग्रंथांत, असा पंप ठराविक उंचीपलीकडे पाणी उचलीत नाहीं, असा उल्लेख आहे. त्याचें कारण टॉरिचेलीनें १६४४ च्या सुमारास पाऱ्याच्या प्रयोगानें उलगडलें. समुद्रसपाटीवर हवेचा दाब फार तर १०.३ मीटर उंचीचा जलस्तंभ तोलूं शकतो. सुमारें १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरीं हीच मर्यादा पावणेनऊ मीटरांच्या आसपास येते. व्यवहारांत सहा-सात मीटरांपलीकडे भरंवसा धरूं नये. काठावर बसविलेला पंप पांच अश्वशक्तींचा असला, तरी निसर्गाचा हा नियम त्याला मोडतां येत नाहीं. जुन्या मोटेस ही अडचण नव्हती, कारण ती पाणी ओढीत नसे, उचलून आणीत असे. पाणबुडी पंपहि पाण्यांत बसून तें खालून वर ढकलतो. म्हणून खोल विहिरीस तोच योग्य. त्याची मोटार भोंवतालच्या पाण्यानें थंड राहते, हें मात्र विसरूं नये; पाणी आटल्यावर तो चालूं ठेवणें म्हणजे त्याचा नाश करणें होय.

पाण्याच्या गुणावरूनहि निवड बदलते. घरांत सर्रास दिसणारा लहान मोनोब्लॉक पंप थोडें पाणी बरेंच उंच नेतो. पण त्याच्या आंतील फटी अत्यंत बारीक असल्यानें वाळूमिश्रित पाण्यानें तो लवकर झिजतो. बागेस भरपूर पाणी थोड्या उंचीवर द्यावयाचें असेल, तर केंद्रोत्सारी पंप बरा. पावसाळ्यांत तळघरांत सांचलेलें गढूळ पाणी उपसण्यास चिखल सोसणारा निराळाच पंप लागतो.

या साऱ्याहून गंभीर बाब म्हणजे नगरपालिकेच्या नळास थेट पंप जोडण्याची खोड. त्यामुळें शेजाऱ्याच्या तोंडचें पाणी पळतें, एवढ्यावरच हें थांबत नाहीं. मुख्य नळांतील दाब बाहेरच्या दाबाहून कमी झाला, म्हणजे जेथें नळ फुटका असेल तेथून गटाराचें पाणी आंत शिरतें, आणि तें सगळ्या आळीच्या घागरींत पोंचतें. असे पंप नगरपालिका जप्त करतात, यांत नवल नाहीं. नळाचें पाणी आधीं आपल्या टाकींत पडूं द्यावें व पंप त्या टाकीसच लावावा.

शेवटीं, पाणी आणि वीज यांचा शेजार जिवावर बेतणारा आहे. पंपास अर्थिंग असावेंच. शिवाय गळणारा विद्युत्प्रवाह ओळखून तत्काळ वीज तोडणारें स्विचहि बसवावें. टाकींत पाणबुडी पंप असेल, तर वीज तोडल्यावांचून कोणीहि पाण्यांत उतरूं नये, मुलांस तर जवळहि येऊं देऊं नये. हें स्विच विकत घेतांना कोणी काटकसर करूं नये. आणि दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं दोरीनें उंची व खोली मोजून घ्यावी, तिला तर कांहींच खर्च नाहीं.