वॅटचा आंकडा आणि खानदेशचा उन्हाळा

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या यावल तालुक्यांत केळीच्या बागा, विहिरी आणि त्यांवरील विजेचे पंप यांची ओळख कोणास करून देण्याचें कारण नाहीं. त्याच तालुक्यांतील घराघरांत आतां अभ्यासाच्या टेबलावर संगणकही येऊन बसला आहे. मुलगी इमारतींचे आराखडे काढते, मुलगा चित्रफिती जुळवितो. आणि कांहीं दिवसांनीं दोघांचीही मागणी एकच होते, ती ही कीं, संगणकांत नवें ग्राफिक्स कार्ड बसवावें. किंमत ऐकून वडील मंडळी दचकतात, पण अखेर शिक्षणासाठीं म्हणून कार्ड घेतलें जातें. त्या कार्डास वीज पुरविणाऱ्या पेटीकडे मात्र, जिला बाजारांत ‘एसएमपीएस’ म्हणतात तिच्याकडे, बहुधा कोणी पाहत नाहीं. मग ऐन कामाच्या भरांत संगणक एकाएकीं बंद पडतो, दिवसभराचें काम जातें, आणि दोष नव्या कार्डाच्या माथीं मारला जातो.

ही पेटी करते तरी काय? भिंतींतून येणारी 230 व्होल्टची, दिशा बदलत वाहणारी वीज घेऊन ती एकाच दिशेनें वाहणाऱ्या, कमी दाबाच्या विजेंत पालटणें, हें तिचें काम. संगणकाच्या निरनिराळ्या भागांना ती मुख्यतः 12, 5 आणि 3.3 व्होल्टची वीज देते. पैकीं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हे दोन मोठे खाणारे जवळजवळ सर्वस्वीं 12 व्होल्टवर पोसले जातात. म्हणून पेटीवर ठळक अक्षरांनीं छापलेला वॅटचा आंकडा वाचून थांबूं नये. तिच्या अंगावरील कोष्टकांत 12 व्होल्टच्या रकान्याखालीं किती अँपिअर लिहिले आहेत तें पाहावें आणि त्यास 12 नें गुणावें. तेथें 38 अँपिअर असतील तर 456 वॅट मिळतील. वर 500 वॅट छापलेलें असून रकान्यांत 25 अँपिअरच असतील, तर कार्ड व प्रोसेसर यांच्या वांट्यास अवघे 300 वॅट येतात. असे रकाने दोन असल्यास त्यांची बेरीज न करतां दोहोंची मिळून दिलेली मर्यादाच खरी धरावी.

आतां एक उदाहरण घेऊं. ‘आरटीएक्स 4070’ ह्या कार्डाचा नेमलेला खर्च 200 वॅट आहे. पूर्ण कामास लागलेला प्रोसेसर 120 वॅट घेतो असें समजा, आणि पंखे, डिस्क वगैरेंसाठीं 60 वॅट धरा. एकूण 380 वॅट झाले. घरांत 450 वॅटचा जुना एसएमपीएस असला तर हिशेब सुटला असेंच कोणीही म्हणेल. पण कार्ड बनविणारी एन्व्हिडिया कंपनी तर 650 वॅटची शिफारस करते. हा केवळ विक्रीचा डाव आहे काय? तसें नव्हे. त्याला दोन सबळ कारणें आहेत, आणि दोन्ही यावलच्या माणसास सहज समजण्याजोगीं आहेत.

पहिलें कारण विहिरीवरच्या पंपानें रोज दाखविलेलें आहे. मोटार थेट चालू केली म्हणजे पहिल्या क्षणीं ती नेहमीच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते, आणि तेवढ्यापुरते घरचे दिवे मंदावतात. ग्राफिक्स कार्डाचेंही तसेंच आहे. फरक इतकाच कीं, त्याचे हे झटके काम चालू असतां पुनःपुन्हा येतात आणि डोळ्याला दिसत नाहींत इतके क्षणिक असतात. सरासरी 200 वॅट घेणारें कार्ड त्या निमिषांत त्याहून पुष्कळच अधिक मागतें. ही मागणी झेपली नाहीं म्हणजे एसएमपीएसमधील संरक्षक यंत्रणा वीज तोडते. ह्यासाठींच 2022 सालीं आलेल्या ‘एटीएक्स 3.0’ ह्या नियमावलींत, नव्या पद्धतीच्या मोठ्या पेट्यांनीं सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापुरता दुप्पट भार सोसावा, अशी अट घातली गेली.

दुसरें कारण खानदेशचा उन्हाळा. छापलेले वॅट कोणत्या तपमानास मिळतील हेंही त्या वचनाचेंच अंग आहे. चांगल्या पेट्या 40 किंवा 50 अंश सेल्सिअसला पूर्ण वॅट देण्याची हमी देतात. हलक्या पेट्यांची हमी 25 अंशांपुरतीच असते किंवा तिचा उल्लेखच नसतो. जळगांव जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या घरांत जातो, आणि बंद कॅबिनेटच्या आंत तर बाहेरच्या खोलीहूनही अधिक उकाडा असतो. 25 अंशांना दिलेलें वचन तेथें पाळलें जाईल अशी अपेक्षा कशी करावी? शिवाय आंतील कपॅसिटरांचें आयुष्य, ढोबळ मानानें, दर 10 अंश वाढीस निम्मे होतें. ‘80 प्लस’ची ब्राँझ किंवा गोल्ड ही पदवी पाहून निर्धास्त होऊं नये. ती पदवी वीज किती थोडी वायां जाते एवढेंच सांगते, आणि तिची परीक्षा सुमारें 23 अंशांच्या थंड हवेंत घेतली जाते.

वॅट जुळले तरी जोडण्या पाहाव्याच लागतात. मदरबोर्डाच्या खांचेंतून कार्डास 75 वॅटपर्यंत वीज मिळते. सहा पिनांची तार आणखी 75 आणि आठ पिनांची 150 वॅट देते. सोळा पिनांची नवी जोडणी 600 वॅटपर्यंत नेते. पण ती पूर्ण आंत बसली पाहिजे. 2022 सालीं अशा कांहीं जोडण्या वितळल्या, त्यांत अर्धवट बसलेलें टोक हें एक मोठें कारण ठरलें. एका एसएमपीएसच्या सुट्या तारा दुसऱ्यास कधींही लावूं नयेत. टोक बसतें, पण आंतील पिनांचा क्रम निराळा असूं शकतो आणि क्षणांत सारा संगणक जळतो.

ह्याचा अर्थ प्रत्येकानें हजार वॅटची पेटी घ्यावी असा नाहीं. 75 वॅटच्या आंतलें, वेगळी तार न मागणारें कार्ड चांगल्या स्थितींतील जुन्या एसएमपीएसवरही चालतें. 115 वॅटच्या ‘आरटीएक्स 4060’ला कंपनीच 550 वॅट पुरेसे मानते. एकूण खर्चाची बेरीज करून ती पेटीच्या शक्तीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक होऊं देऊं नये. 12 व्होल्टचा रकाना वाचावा. आणि दुकानदारास, हे वॅट किती अंशांना, हा प्रश्न अवश्य विचारावा. कार्डासाठीं काढून ठेवलेल्या पैशांतूनच ह्या पेटीचा खर्च आधीं वजा करावा, आणि उरेल त्यांत बसणारें कार्ड निवडावें. थोडें लहान कार्ड वर्षानुवर्षें काम देईल. अपुऱ्या विजेवरचें मोठें कार्ड परीक्षेच्या आदल्या रात्रीं दगा देईल.