बंदूक खाली ठेवल्यावर

महाबळेश्वरच्या लॉडविक पॉइंटवर, सोंडेच्या टोकाला, एक खांब आहे. लोक त्याला टेकून फोटो काढतात, हातातलं कणीस संपवतात आणि पुढच्या पॉइंटकडे वळतात. साताऱ्याच्या पलटणीतला लॉडविक १८२४ साली हा डोंगर चढून आला आणि इथेच त्याच्या कुत्र्याला बिबट्याने उचललं, अशी इथली जुनी हकिकत. कडा, रान, जनावर, भांबावलेला साहेब, सगळा मालमसाला हाताशी होता. पण त्यातून कादंबरी काही झाली नाही.

रानात काय घडलं आणि त्यातलं पुस्तकात किती उतरलं, हे शोधायचा मला जुना नाद आहे. त्यातून मराठीपुरतं तरी माझं एक मत पक्कं झालंय. नुसत्या थरारातून चांगली कादंबरी सहसा निघत नाही. शिकारी कधीतरी खाली बसावा लागतो.

नाथमाधवांना तर नियतीनेच बसवलं. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं नाव, आणि शिकारीचं वेड जबरदस्त. १९०५ साली सिंहगडावर शिकारीला गेले असताना ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. वय अवघं तेवीस. अंथरुणावर आधी वाचन सुरू झालं, मग लेखन. 'वीरधवल' आणि स्वराज्यावरच्या कादंबऱ्या या पडून राहिलेल्या माणसाने लिहिल्या. त्यांच्या पानांवर घोडी इतकी उधळतात, ती लेखकाला पुन्हा कधी गड चढता आला नाही म्हणूनच, असं मला नेहमी वाटतं. समीक्षकांनी खुशाल हसावं.

व्यंकटेश माडगूळकरांनी मात्र बंदूक आपण होऊन ठेवली. १९२७ साली सांगली जिल्ह्यातल्या माडगूळला त्यांचा जन्म झाला. महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि शेजारच्याच जिल्ह्यातल्या माडगूळ-आटपाडीकडे पाचशेचीही मारामार. त्या उघड्या माळावर ससा, तित्तर, घोरपड, लांडगा दिसायचा तर नजर लांबवर पोचावी लागते. ही नजर त्यांना माणदेशाने दिली. त्यांनी काही काळ शाळामास्तरकी केली आणि धनगरांच्या लेंगरेवाडीतून 'बनगरवाडी' आली. मी त्या बाजूला गेलो तेव्हा पुस्तकातलं काही सापडेल अशा आशेने गेलो होतो. दिसली बाभळ, मेंढरं आणि डोळ्यांत जाणारी धूळ. मग जाणवलं की पुस्तकात तरी दुसरं काय आहे? तेवढ्यावरच त्या माणसाने गाव उभा केला.

शिकार त्यांनी पुष्कळ केली, त्यावर लिहिलंही. पुढे मारण्यापेक्षा बघण्याचीच गोडी वाढली. चित्रकाराचा हात होता, त्यामुळे जनावर कागदावर धरता यायचं. भंडाऱ्याकडच्या नागझिऱ्याच्या रानात ते मुक्काम ठोकून राहिले आणि त्याचं पुस्तक झालं. वानरांच्या टोळ्यांवर लिहिलेली 'सत्तांतर' ही त्यांची छोटी कादंबरी १९८२ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

'सत्तांतर' मी कितीदा वाचली याचा हिशेब नाही. नागझिऱ्याला गेलो तो तिच्याचपायी. गाईडला म्हटलं, वाघ राहू दे, वानरं दाखव. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पैसे परत देऊन मोकळा होतो की काय! "वांदरं त गावातबी दिसतेत, साहेब," म्हणाला. खरंच आहे. पण गावातल्या वानराकडे तास न् तास बघतो कोण?

बघितलं की जे दिसतं ते कुठल्याही दरबारी कारस्थानाच्या तोंडात मारील. बहुतेक टोळ्यांत एकच मुख्य नर, बाकी माद्या आणि पिल्लं. टोळीबाहेरचे नर वेगळे हिंडतात आणि संधी साधून हल्ला करतात. जुना हरला की नवा नर अनेकदा अंगावरची पिल्लं मारतो. पिल्लू पीत असेतो आई माजावर येत नाही. पिल्लू गेलं की लवकर येते, आणि नव्या नराचा वंश सुरू होतो. सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६२च्या सुमारास हे नोंदवलं ते धारवाडजवळ, म्हणजे सांगलीपासून फार लांब नाही. अभ्यासकांनी कारण मांडलं. माडगूळकरांनी पिल्लू पोटाशी धरून पळणारी आई दाखवली, आणि कुणालाही खलनायक केलं नाही. या कादंबरीला राजकारणाचं रूपक म्हणून उरकणाऱ्यांवर माझा राग आहे. ती आधी वानरांची गोष्ट आहे. रूपक ज्याला हवं त्याने नंतर काढावं.

  

गो. नी. दांडेकरांना सोडून पुढे जाता येत नाही. हवा स्वच्छ असेल तेव्हा महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून रायगड, तोरणा, राजगड दिसतात. तो सगळा आप्पा दांडेकरांचा मुलूख. पण गडावर चढून जाणारा पाहुणा त्यांच्या गडांवरच्या कादंबऱ्यांचा नायक होत नाही. 'माचीवरला बुधा' राजमाचीचा, 'पवनाकाठचा धोंडी' तुंगाचा, 'रानभुली'तली मनी रायगडची. आपल्याला कड्यावर घाम फुटतो तिथून ही माणसं भारा घेऊन उतरतात. हे कळायला त्या माणसांच्या ओसरीवर झोपावं लागतं, आणि आप्पा झोपले होते. एका 'जैत रे जैत'मध्ये मात्र शिकार पुन्हा डोकावते. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची ती गोष्ट. राणीमाशीच्या दंशाने नाग्याचा डोळा जातो आणि तो डोंगरावरच्या पोळ्यांशी वैर धरतो. माझं मत इथे जरा अडखळतं. पण हा शिकारी त्याच डोंगराच्या पायथ्याला वाढलेला आहे, आणि त्याची किंमत त्याला घरातच मोजावी लागते. लॉडविक साहेबाने दुसरा कुत्रा पाळला असेल.