शाल, श्रीफळ आणि शिदोरी

महिन्याच्या अखेरच्या दिवशी पोलीस ठाण्यात शाल-श्रीफळ दिले जाते, दोन-चार भाषणे होतात आणि वयाची ५८ वर्षे पूर्ण केलेला अधिकारी गणवेशाचा निरोप घेतो. शिक्षकाला आणि कारकुनालाही असाच निरोप मिळतो. परंतु त्यांची शाळा वा कचेरी सुटण्याची एक वेळ असते; पोलिसाला ती नसते. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या २८ व्या कलमानुसार, रजेवर वा निलंबित नसलेला पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते.

गोंदिया जिल्ह्यात ही सेवा अधिकच कठीण ठरली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून हा जिल्हा वेगळा झाला. मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या सीमा, देवरी-सालेकसा भागातील जंगल आणि तेथील दीर्घकाळच्या नक्षलवादी कारवाया यांमुळे येथील बंदोबस्त म्हणजे जिवाची जोखीम होती. माघ पौर्णिमेच्या कचारगड यात्रेत लोटणारा आदिवासी भाविकांचा समुदाय सांभाळणे, हे वेगळ्याच धीराचे काम. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी अशा बोलींच्या या मुलुखात पायवाटा आणि माणसे ओळखणारा पोलीस एका वर्षात घडत नाही.

अर्थात, दीर्घ सेवा हीच काही गुणवत्ता नव्हे. ज्याच्यापुढे तक्रार मांडताना गरिबाची जीभ अडखळली नाही, त्याचाच सत्कार सार्थ होय. पकडलेल्या गुन्हेगाराची नोंद दप्तरात राहते. वेळीच समजूत घातल्यामुळे न झालेल्या मारामारीची नोंद कोठेही राहत नाही. ती केवळ गावाच्या स्मरणात असते. म्हणूनच निरोपाच्या समारंभात वरिष्ठांबरोबर गावकऱ्यांनाही बोलू द्यावे.

त्याहून महत्त्वाच्या गोष्टी दोन. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे निरोपाच्या दिवशीच त्याच्या हाती पडावीत; सन्मान करून नंतर कचेरीचे हेलपाटे घालावयास लावणे, यासारखा दुसरा अपमान नाही. आणि निवृत्तीपूर्वीचे काही महिने त्याने नव्या शिपायांना सोबत घेऊन हद्दीतील गावोगावी हिंडावे. शाल जीर्ण होईल, श्रीफळ प्रसादात संपेल. परंतु अनुभवाची ही शिदोरी पुढच्या पिढीच्या पदरी पडली, तर त्या अधिकाऱ्याची सेवा त्याच्या निवृत्तीनंतरही चालूच राहील.