घरगुती कूलर : रचना, बिघाड आणि दुरुस्ती (परभणी जिल्हा)

कूलर हे पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करणारे घरगुती विद्युत उपकरण होय. मराठवाड्यातील कोरड्या व कडक उन्हाळ्यात त्याचा वापर सर्वत्र आढळतो. थंड प्रदेशांतील घरांत संपूर्ण घर उबदार ठेवणारी मध्यवर्ती व्यवस्था असते, तशी व्यवस्था परभणी जिल्ह्यात नाही आणि तिची गरजही नाही. येथील घराचा खरा प्रश्न चैत्र-वैशाखातील उष्म्याचा असून त्यावर बहुसंख्य कुटुंबांचा उपाय कूलर हाच आहे. त्यामुळे कूलर बिघडला म्हणजे नेमके काय झाले, त्यातले घरी काय करता येते आणि कशाला हात लावू नये, हे जाणून घेणे उपयुक्त ठरते.

== पार्श्वभूमी ==

जाड मातीच्या भिंतींची माळवदाची घरे दिवसा बरीच थंड राहत. ऐपतदार घरांत दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत होती. वारा ओल्या वाळ्यातून आत येताना थंड व सुगंधी होई. कूलर म्हणजे या ताटीलाच पंखा आणि पाण्याचा पंप जोडलेली पेटी होय. माळवदे जाऊन त्या जागी सिमेंटचे स्लॅब आणि पत्रे आले, तशी घरे अधिक तापू लागली व कूलरवाचून दुपार काढणे कठीण झाले.

== कार्यतत्त्व ==

पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता भोवतालच्या हवेतून शोषली जाते. हीच सुप्त उष्णता. तासाला ५ लिटर पाणी उडवणारा कूलर त्या हवेतून जवळजवळ एक टन क्षमतेच्या वातानुकूलन यंत्राइतकी उष्णता काढून घेतो. मात्र ही हवा सतत बाहेरून येत असल्यामुळे त्यातला थोडाच भाग खोलीच्या वाट्याला येतो.

हवा किती थंड होईल हे तिच्या कोरडेपणावर अवलंबून असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापमान ४२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगल्या कूलरमधून साधारण २८ ते २९ अंशांची हवा मिळते. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के झाली, की तोच कूलर हवा जेमतेम चार अंशांनी उतरवतो. मृगाचा पाऊस पडला की ‘कूलर काम देत नाही’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. तो कूलरचा दोष नसतो. त्या दिवसांत पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवणे अधिक सुखाचे असते.

यावरूनच दुसरी गोष्ट ध्यानात येते. कूलर खोलीत ठेवून दारे-खिडक्या लावून घेतल्या, तर तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरते व अंग चिकचिकू लागते. कूलरची पाठ बाहेरच्या हवेकडे असावी आणि समोरची खिडकी वा दार थोडे उघडे असावे. वातानुकूलन यंत्राचा नियम याच्या अगदी उलट आहे. दोन्ही उपकरणे एकाच पद्धतीने वापरल्यामुळे निर्माण होणाऱ्या तक्रारींची संख्या खऱ्या बिघाडांपेक्षा कदाचित जास्तच भरेल.

== नेहमीचे बिघाड ==

पुढील कोणतीही तपासणी प्लग काढल्यावरच करावी.

'''पंखा फिरतो, पण हवा गरम येते.''' पाणी ताट्यांपर्यंत पोहोचत नाही, असा याचा अर्थ. पंप चालू असल्याचा बारीक आवाज येत नसेल, तर पंपाची जाळी उघडून पाहावी. गवताचा चुरा किंवा क्षार अडकून त्याचे चाक जाम झालेले असते. पाणी संपल्यावरही पंप चालू राहिला असेल, तर तो जळलेला असण्याचा संभव आहे. हे छोटे पंप साधारण १८ वॅटचे असतात व त्यांची दुरुस्ती करण्यापेक्षा ते बदलणेच परवडते. पंप चालू असूनही ताटीचा एखादा पट्टा कोरडा राहत असेल, तर वरच्या नळीची छिद्रे बुजलेली असतात. छोटा दिसणारा हा कोरडा पट्टा मोठे नुकसान करतो. ओल्या गवतापेक्षा कोरड्यातून हवेला वाट सोपी मिळते आणि गरम झोत तेथूनच आत शिरतो.

'''मोटर गुणगुणते, पण पाते फिरत नाही.''' प्लग काढून पाते हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरत असेल, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. ते जड जात असेल, तर पावसाळाभर पडून राहिल्याने बुश गंजलेले असते. त्याला तेल देऊन मोकळे करावे लागते. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ विद्युतभार राहू शकतो, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये.

'''संध्याकाळी पंखा मंद होतो.''' हा दोष अनेकदा कूलरचा नसून कमी दाबाच्या विजेचा असतो. मोटरचे बळ साधारणतः विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला, की बळ सुमारे ६१ टक्केच उरते. अशा वेळी मोटर तापते आणि वारंवार असे घडल्यास तिचे वाइंडिंग जळते. नवीन मोटर घेण्याआधी शेजाऱ्यांकडे दाब कसा आहे, ते विचारून पाहावे.

'''वाइंडिंग करून आणल्यावर हवा येत नाही.''' जोडणी उलट झाल्यामुळे पंखा उलटा फिरत असतो. दोन तारांची अदलाबदल केली की काम भागते. ते मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

'''वास येतो.''' नव्या गवताचा वास दोन-चार दिवसांत जातो. कुजका वास मात्र शेवाळाचा व शिळ्या पाण्याचा असतो. अशा वेळी अत्तर टाकण्याऐवजी टाकी घासावी.

== पाणी आणि क्षार ==

परभणी जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. येथील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. कूलरमध्ये पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. रोज फक्त वरून भर घालत राहिल्यास टाकीतील पाणी दिवसेंदिवस खारट होते आणि ताट्यांवर पांढरे कीट चढते. असे झालेले गवत दगडासारखे कडक होते व हवा अडवते. मधाच्या पोळ्यासारख्या रचनेच्या कागदी पॅडचे आयुष्य गवतापेक्षा जास्त असते, पण जड पाण्याने त्याचीही छिद्रे बुजतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करणे हाच यावरील खरा उपाय. पंपावर व नळीवर चढलेले कीट लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवल्यास सुटते. उन्हाळ्यात पाणी ओतून देणे जिवावर येते हे खरे. ते सांडपाण्यात न सोडता अंगण वा शौचालय धुण्यास वापरता येते.

टाकी रिकामी करण्याचे आणखी एक कारण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून पूर्ण डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात व कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून पाणी नुसते ओतून न देता कडा घासून काढाव्या. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगतो, तो याचसाठी. गणपती झाल्यावर माळ्यावर टाकलेल्या कूलरच्या तळाशी पाणी राहिले असेल, तर तेही धोक्याचे असते.

== विजेचा धोका ==

पत्र्याची पेटी, पाणी, ओली जमीन आणि अनवाणी माणूस या चार गोष्टी कूलरपाशी एकत्र येतात. दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, त्यांत पाणी भरणाऱ्या स्त्रिया व खेळणारी मुले अधिक असतात.

पाणी भरताना बटण बंद करणे पुरेसे नाही. अनेक जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रल तारेवर जोडलेले असते. अशा जोडणीत बटण बंद केल्यावर पंखा थांबतो खरा, पण फेजची तार कूलरच्या आतपर्यंत जिवंतच राहते. प्लग काढून बाजूला ठेवणे एवढेच खात्रीचे. पेटीला हात लावल्यावर किंचित मुंग्या आल्यासारखे वाटले, तर ‘थोडा करंट येतो’ म्हणून ते चालवून घेऊ नये. आवरण फाटलेली तार किंवा पाणी शिरलेला पंप यांची ती पहिली खूण असते. कोरड्या चपलेमुळे त्या दिवशी मुंग्यांवर निभावले, इतकेच.

तीन पिनांचा प्लग असला तरी भिंतीतील तिसऱ्या छिद्राला अर्थिंगची तार जोडलेली असेलच असे नाही. ते वायरमनकडून तपासून घ्यावे. काळ्या मातीची येथे वेगळी अडचण आहे. ही माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. त्यामुळे पावसाळ्यात नीट असलेले अर्थिंग नेमके कूलरच्या दिवसांत निकामी होते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालावे. याशिवाय ३० मिलीअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. त्याचा खर्च एका नव्या कूलरपेक्षा कमी येतो.

कोणास धक्का बसलाच, तर त्याला हाताने ओढू नये. आधी मुख्य बटण पाडावे. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने तार दूर करावी, श्वास नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

== वातानुकूलन यंत्र ==

शहरात वातानुकूलन यंत्रेही वाढली आहेत. दीड टनाचे यंत्र ताशी सुमारे दीड युनिट वीज घेते, तर कूलर २०० वॅटच्या आसपास चालतो. यंत्र थंड करीत नसेल, तर प्रथम आतील जाळी धुवावी व बाहेरच्या भागावरील धूळ काढावी. ‘गॅस संपला’ हे निदान जपून स्वीकारावे: गॅस वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणारच. आतून पाणी ठिबकणे हा बहुधा निचऱ्याची नळी तुंबल्याचा परिणाम असतो.

== हिवाळा ==

परभणीचा हिवाळा मराठवाड्यात कडक म्हणून ओळखला जातो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रात काही वर्षी डिसेंबरात ५ अंशांखालील तापमान नोंदले गेले आहे. अशा रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे प्राणघातक ठरते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून झोपलेल्यास त्याची जाणीव होत नाही. शेगडी अंगणात शेकून घरात येताना बाहेरच ठेवावी.