राउटरच बंद पडला, तर राउटरपर्यंत पोहोचायचं कसं?

नेटवर्किंग किंवा सिस्टिम्समध्ये संशोधन करायची तयारी करत असाल, तर एसएसएचने लांबच्या यंत्रात लॉगिन करणं तुमच्या हातात बसलेलं असणार. इतकं बसलेलं, की त्यामागचं एक गृहीतक दिसेनासं होतं. समजा, तुम्ही पुण्यात बसून नागपूरच्या राउटरची सेटिंग बदलताय. तुमची आज्ञा ज्या वाटेने जाते, ती वाट तोच राउटर चालू ठेवतोय. फिल्टरची एक ओळ चुकली की वाट बंद, आणि चूक दुरुस्त करायची आज्ञा पाठवायलाही तीच वाट लागते. लॅचचं दार ओढून घेतलं आणि किल्ली आतच राहिली, असा प्रकार. या पद्धतीला 'इन-बँड' व्यवस्थापन म्हणतात. सगळं सुरळीत असतं तेव्हा ती उत्तम असते. अडचण एवढीच, की तिची खरी गरज सगळं बिघडलेलं असतानाच पडते.

म्हणून प्रत्येक बऱ्यापैकी राउटरला आणि स्विचला एक कन्सोल पोर्ट असतो. तो आरएस-२३२ प्रकारचा सिरियल पोर्ट असतो, म्हणजे मूळ १९६० सालचं मानक. वेग बहुतेक वेळा सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० बाय २४ चा एक भरलेला स्क्रीन यायला दोन सेकंद! आजच्या काळात हे हास्यास्पद वाटेल, पण त्याची ताकद त्याच्या साधेपणातच आहे. त्याला आयपी पत्ता लागत नाही, रूटिंग लागत नाही, डीएनएस लागत नाही. यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम सुरू व्हायच्या आधी बूटलोडर काय म्हणतोय, तेही इथे दिसतं. फर्मवेअर अपडेट अर्ध्यावर फसलेल्या राउटरशी बोलायची बहुधा हीच एक जागा उरते.

पण हा पोर्ट वापरायला माणूस केबल घेऊन यंत्रासमोर उभा लागतो. कन्सोल सर्व्हर त्या माणसाची जागा घेतो. हा रॅकमध्ये बसणारा एक छोटा संगणक असतो. एका बाजूला ८, १६, ३२ किंवा ४८ सिरियल पोर्ट, त्यातल्या प्रत्येकाची केबल एकेका यंत्राच्या कन्सोलला. दुसऱ्या बाजूला इथरनेट आणि बऱ्याचदा मोबाइल सिमचा मोडेम. तुम्ही कन्सोल सर्व्हरवर एसएसएच करता, 'सात नंबरचा पोर्ट दे' म्हणता, आणि जणू त्या राउटरसमोर जाऊन बसता. मुख्य नेटवर्कच्या बाहेरून येणारी वाट, म्हणून 'आउट-ऑफ-बँड'.

याचा अजून एक फायदा आहे, ज्याकडे विद्यार्थ्यांचं सहसा लक्ष जात नाही. कन्सोल सर्व्हर त्या पोर्टवर येणारी प्रत्येक ओळ साठवून ठेवू शकतो, कुणी बघत असो वा नसो. कर्नल कोसळतो तेव्हा त्याचे शेवटचे शब्द डिस्कवर लिहायला वेळ मिळेलच असं नाही, नेटवर्कवरून लॉग पाठवणंही जमेल असं नाही. कन्सोलवर मात्र ते बहुतेक वेळा उमटतात. बिघाडांवर संशोधन करणाऱ्याला याहून चांगला डेटा क्वचित मिळतो.

आता खरा प्रश्न. वेगळी वाट खरोखर वेगळी आहे का?

थोडं गणित करू. मुख्य नेटवर्क ९९.९ टक्के वेळ चालतं असं धरा. म्हणजे वर्षाला साधारण पावणेनऊ तास बंद. आउट-ऑफ-बँड वाटही तितकीच भरवशाची, आणि दोन्ही एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम बंद असायची शक्यता दहा लाखांत एक, वर्षाला जेमतेम ३२ सेकंद. आता असं समजा, की मुख्य नेटवर्क पडतं त्यातल्या दर दहा वेळांपैकी एकदा दुसरी वाटही त्याच कारणाने पडते. तर ते ३२ सेकंद होतात जवळपास ५३ मिनिटं. शंभरपट! यंत्रं तीच, भरवसा तोच, बदललं फक्त स्वातंत्र्य. पेपरात 'आम्ही दुहेरी व्यवस्था ठेवली आहे' असं वाक्य दिसलं की आधी हाच गुणाकार तपासा.

हे कागदावरचं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप जगभर बंद पडले होते, आठवतंय ना? देखभालीच्या कामात जागतिक बॅकबोनची क्षमता तपासायला दिलेल्या एका आज्ञेने सगळ्या बॅकबोन जोडण्या तुटल्या. अशी आज्ञा अडवणाऱ्या तपासणी-प्रोग्रामातच बग होता. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यावर त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी 'आपणच आजारी आहोत' असं समजून स्वतःचे बीजीपी मार्ग मागे घेतले. कंपनीने नंतर जे लिहिलं, त्यात आपल्या कामाचं वाक्य हे, की मुख्य आणि आउट-ऑफ-बँड, दोन्ही प्रवेश बंद होते. इंजिनिअर प्रत्यक्ष पाठवावे लागले. आणि तिथे वेळ गेला, कारण त्या इमारतींत शिरणं मुद्दामच अवघड केलेलं, आणि आत गेल्यावरही यंत्रांत बदल करणं अवघड केलेलं. सुरक्षेची उत्तम तटबंदी त्या दिवशी स्वतःच्याच माणसांना आडवी आली.

कॅनडातलं उदाहरण मला जास्त गंभीर वाटतं. ८ जुलै २०२२ ला रॉजर्स कंपनीचं नेटवर्क कोसळलं. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक अडकले. देशभरात डेबिट कार्डं चालेनात आणि अनेकांना ९-१-१ हा आपत्कालीन क्रमांकही लागेना. आपल्याकडे ११२ लागला नाही तर काय होईल, याचा विचार करा. कारण होतं अपग्रेडच्या वेळी राउटरमधून काढला गेलेला एक फिल्टर, ज्यामुळे मार्गांच्या माहितीचा पूर कोअर राउटरांवर आला. पण मूळ कारण सापडायलाच सुमारे १४ तास लागले. व्यवस्थापनाचं नेटवर्क त्याच कोअरवर अवलंबून होतं, म्हणून इंजिनिअरांना राउटरांचे लॉग बघता येईनात. शिवाय कर्मचारी एकमेकांशी बोलायला कंपनीचीच मोबाइल सेवा वापरत होते. म्हणजे फोनही गेला!

म्हणून कन्सोल सर्व्हरमध्ये सिम घालताना ते वेगळ्या कंपनीचं हवं. कन्सोल सर्व्हरचा वीजपुरवठा, त्याचा डीएनएस, त्याच्या लॉगिनची पडताळणी करणारा सर्व्हर, हे सगळं एकेक करून विचारावं लागतं. टकॅक्ससारखा मध्यवर्ती पडताळणी सर्व्हर मुख्य नेटवर्कमागे असेल, तर संकटात पासवर्ड बरोबर असूनही दार उघडणार नाही. यावर उपाय म्हणजे स्थानिक खातं ठेवणं, फक्त आणीबाणीसाठी. आणि त्याचा पासवर्ड अशा ठिकाणी, जिथे पोहोचायला तेच नेटवर्क लागत नाही.

इथून सुरक्षेची बाजू सुरू होते. गडाला चोरदरवाजा हवाच, पण तो शत्रूला सापडला तर महादरवाजाचे बुरूज कितीही भक्कम असून उपयोग नाही. कन्सोलवर बसलेला माणूस जवळपास यंत्रासमोर उभा असल्यासारखाच असतो. अनेक सिस्को राउटरांवर बूट होताना योग्य वेळी 'ब्रेक' संकेत पाठवला की पासवर्ड टाळून आत जाता येतं. ती सोय पासवर्ड विसरलेल्या मालकासाठी आहे, पण केबलला मालक आणि चोर यातला फरक कळत नाही.

२०१३ मध्ये रॅपिड७ या कंपनीत असलेल्या एच. डी. मूर यांनी इंटरनेटवर उघडे पडलेले सिरियल सर्व्हर शोधले. १ लाख १४ हजारांहून जास्त सापडले, आणि १३ हजारांहून जास्त ठिकाणी रूट शेल किंवा व्यवस्थापनाचा इंटरफेस पासवर्डशिवाय समोर येत होता. याचं एक कारण फार शिकण्यासारखं आहे. एसएसएच तुटलं की सेशन संपतं. साध्या सिरियल केबलवर 'सेशन' ही कल्पनाच नाही. तुम्ही कन्सोल सर्व्हरपासून तुटलात, तरी पलीकडच्या राउटरला वाटतं की माणूस अजून बसलाय. तुम्ही रूट म्हणून लॉगिन करून तसेच निघून गेलात, तर पुढचा जो कुणी त्या पोर्टला जोडला जाईल त्याला रूटच मिळतो. म्हणून दोन्ही टोकांना काम करावं लागतं: यंत्रावर कन्सोलचा टाइमआउट लावायचा, आणि कन्सोल सर्व्हरचा पत्ता सार्वजनिक इंटरनेटवर ठेवायचाच नाही, त्यानेच आतून बाहेर व्हीपीएन जोडणी करायची. आणि हो, ते साठवलेले लॉग! कुणीतरी युजरनेमच्या जागी घाईत टाइप केलेला पासवर्ड त्यात कायमचा पडलेला असू शकतो.

हे करून बघायला मोठा खर्च नाही. एक रास्पबेरी पाय, दोन-चार यूएसबी-सिरियल केबल आणि कॉन्सर्व्हर किंवा सेर२नेट हे मुक्त सॉफ्टवेअर पुरतं. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि आरएस-२३२ वर अधिक-उणे १५ व्होल्टपर्यंत येऊ शकतं, त्यामुळे पिनेला थेट केबल जोडू नका, पाय जळेल. दुसरं म्हणजे, रीबूटनंतर केबलींचे क्रमांक अदलाबदल होऊ शकतात. काल पहिला असलेला पोर्ट आज तिसरा, आणि तुम्ही भलताच राउटर बंद कराल. त्यासाठी पोर्टला त्याच्या यूएसबी जागेवरून कायमचं नाव द्यायचं.

सेटअप उभा राहिला की एका शनिवारी, बाकीच्यांना सांगून, मुख्य स्विचची वायर काढा आणि लॅबच्या वाय-फायवरून नव्हे, बाहेरून, फक्त मोबाइलवरून आत यायचा प्रयत्न करा. कुठल्या पायरीवर अडलात ते वहीत लिहून ठेवा. पासवर्ड ज्या फाइलमध्ये आहे ती फाइल लॅबच्याच सर्व्हरवर निघते का, तेही बघा.