घरासाठी विजेची करवत

श्रीपूरसारख्या ठिकाणी बाभळीच्या फांद्या छाटणे, जुनी चौकट काढणे ही कामे घरोघरी निघतात. त्यांकरिता पुढेमागे चालणारी विजेची करवत घेताना पुष्कळ लोक केवळ यंत्राची शक्ती पाहतात. आमच्या मते आधी पाते पाहावे. ओल्या लाकडास इंचामागे ५-६ दाते पुरतात. लोखंडी नळीस मात्र १८ च्या सुमारास हवेत. दोन-तीन दाते एकदम धातूवर न टेकल्यास ते अडकून तुटतात. वेग कमीजास्त करता यावा, कारण लोखंडास मंद गतीच मानवते. पुढचे टेकण कामावर घट्ट दाबून धरावे. एरवी सारे यंत्रच हिसके देते. भिंतीत विजेची तार दडलेली असू शकते, म्हणून चौकट कापण्यापूर्वी घरातील मुख्य बटण बंद करावे लागते, आणि अशा वेळी बॅटरीवर चालणारे यंत्रच उपयोगी पडते. सुबक, सरळ काप हवा असेल, तर सुताराची हातकरवतच बरी.