खडकांचा जमाखर्च

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने दगडांवर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण खतावणीत जशी प्रत्येक नावेची जमा सापडते, तशी ती खडकांतही सापडते हे कळल्यापासून मला या विषयाची गोडी लागली.

आपल्या बेळगावचा काळा दगड लाव्हा थिजून झाला; वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. दक्षिणेकडे गेले की त्याहून फार जुना, करडा, पट्टेदार खडक लागतो. हा पट्टिताश्म, म्हणजेच नाइस. बंगळूरच्या लालबागेतली टेकडी याचीच. वय सुमारे ३०० कोटी वर्षे. याच्याच शेजारी दक्षिण कर्नाटकात व तामिळनाडूत काळपट हिरवा, तेलकट चकाकीचा चार्नोकाइट आढळतो. कलकत्त्यातील जॉब चार्नोकच्या थडग्याची शिळा या दगडाची, म्हणून १८९३ साली हॉलंड यांनी त्याला हे नाव दिले.

या दोन शेजाऱ्यांचे नाते काय? हॉलंड यांच्या मते चार्नोकाइट तप्त शिलारसातून थिजला. पुढे १९६० मध्ये सी. एस. पिचमुत्तू यांनी कनकपूर तालुक्यातील कब्बलदुर्गकडे लक्ष वेधले. तेथील खाणीत करड्या नाइसमध्ये चार्नोकाइटचे काळपट डाग दिसतात. नाइसचे पट्टे डागापर्यंत येतात आणि आत पुसट होतात. डाग मात्र पट्टे छेदून, भेगांच्या कडेने पसरलेले. अर्थात नाइस आधीचा. त्याचाच जागच्या जागी चार्नोकाइट झाला.

हे घडले सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, भूपृष्ठाखाली कित्येक किलोमीटर खोल, ७०० अंश सेल्सिअसच्या वर. आता जमाखर्च पाहा. नाइसमधील कृष्णाभ्रक व क्वार्ट्ज खर्ची पडले. अभ्रकातील लोह व मॅग्नेशियम हायपरस्थीन या खनिजाच्या खाती गेले, पोटॅशियम व ॲल्युमिनियम फेल्स्पारच्या. शिल्लक उरले पाणी, ते बाहेर पडले. भेगांतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडने किंवा खाऱ्या द्रवाने पाण्याचा जोर कमी केला, असे अभ्यासक मानतात. पुढे पाणी परत शिरले, तर हायपरस्थीन मोडून चार्नोकाइटचा पुन्हा नाइस होतो!

सगळेच चार्नोकाइट असे झालेले नाहीत. काही खरोखरच शिलारसातून थिजले. म्हणून प्रत्येक ठिकाणचा पुरावा वेगळा तपासावा लागतो. आणि चिंता येथेच आहे. खाणीने हा पुरावा उघडा केला, पण सुरुंग लावून तोच फोडून नेणेही खाणीच्याच हाती. बाजारात दगडाला घनफुटाचा भाव मिळतो. त्यावरील नोंदीला नाही. हिशेबाची मूळ वही एकदा फाटली की तपासनीस काय तपासणार?